चार नंबरच्या खोलीतले हात

तोडणीत फीन हेसेनचा हात धरणारं त्या शेतावर कोणी नव्हतं. हे ती स्वतः कधी बोलून दाखवत नसे, कारण तशी वेळच येत नसे. कॅन्टीनच्या भिंतीवर दर सोमवारी मागच्या आठवड्याची यादी लागायची, कोणी तासाला किती किलो अळंबी तोडली त्याची, आणि यादी लागायला लागल्यापासून पहिलं नाव तिचंच असायचं. नव्याने आलेल्या मुली आधी यादीकडे बघायच्या आणि मग वळून तिच्या हातांकडे. फीन तेव्हा कॉफी ढवळत असायची आणि आपल्याला काही दिसलंच नाही असं दाखवायची. त्या एका नजरेसाठी ती सोमवारी पाच मिनिटं लवकर कॉफीला जायची, हे तिने फक्त नवऱ्याला, सेफला, सांगितलं होतं, तेही हसत हसत.

आताचा मालक ह्यूब कूनेन याच्या वडिलांच्या काळात, तेवीस वर्षांची असताना, ती इथं आली होती. तेव्हा अळंबी बुटक्या विटांच्या खोल्यांत वाढायची आणि बायका कपाळाला दिवा बांधून, वाकून तोडणी करायच्या. आता बारा मोठ्या खोल्या होत्या, प्रत्येकीत सहा मजली अ‍ॅल्युमिनियमच्या फळ्यांच्या दोन रांगा, आणि फळ्यांना अडकवलेली, वरखाली होणारी गाडी, तिच्यावर उभं राहून काम करायचं. एवढं बदललं तरी काम तेच होतं. वाफ्यावरची अळंबी एका दिवसात दुप्पट होते. म्हणून आज कुठली काढली म्हणजे उद्या तिच्या शेजारणींना जागा मिळेल, हे ओळखता आलं पाहिजे. चुकीची काढली, तर बाकीच्या एकमेकींना रेटत वर येतात आणि संध्याकाळपर्यंत छत्रीसारख्या उघडतात, मग त्यांना कोणी विचारत नाही. बोट जोरात लागलं, तर दुकानात पोचेपर्यंत टोपीवर तपकिरी डाग उमटतो. फीन चार अळंब्या तळहातात धरून पाचवी पिळून काढायची, दुसऱ्या हातातल्या सुरीने देठ उडवायची, आणि हे सगळं होत असताना तिची नजर पुढच्या वीतभर वाफ्यावर गेलेली असायची.

यादीत दुसरं नाव दानुताचं असायचं. बारा वर्षांपूर्वी ती पोलंडच्या पूर्वेकडच्या कुठल्याशा खेड्यातून आली, तेव्हा तिला इथला एक शब्द येत नव्हता. पहिल्या आठवड्यात तिने तोडलेल्या प्रत्येक टोपलीवर बोटांचे ठसे होते. ह्यूब तिला परत पाठवणार होता. फीनने तिला आपल्या गाडीवर घेतलं. बोलून उपयोग नव्हता, तेव्हा ती दानुताचं मनगट धरायची आणि आपल्या हाताने तिचा हात फिरवायची: ओढायचं नाही, असं वळवायचं, आता सोड. महिनाभर हेच. दानुता पुढे जी भाषा शिकली, तीही फीनकडूनच, त्यामुळे ती नेदरलँड्सच्या या दक्षिण टोकाची अस्सल गावठी बोली, लिम्बुर्गी, बोलायची आणि नगरपालिकेच्या खिडकीवरचा माणूस तिच्या पोलिश नावाकडे बघून थक्क व्हायचा. फीनला ती अजूनही अहोजाहो करी. "अगं, मला तू म्हण," असं फीनने कितीदा सांगितलं, पण दानुताची जीभ वळत नसे. दर दुसऱ्या रविवारी ती खसखशीचा केक घेऊन सायकलवरून यायची. सेफला तो केक फार आवडायचा. दुसऱ्या नंबरावर आपण शिकवलेली बाई आहे याचा फीनला अभिमान होता, आणि पहिल्या आणि दुसऱ्या नंबरांत तासाला चार किलोंचं अंतर होतं.

यंत्रं एकेक करून आली. खत भरणारं आलं, फळ्यांवर काळी माती पसरणारं आलं, टोपल्या तोलून त्यांना झाकण लावणारं आलं. प्रत्येक वेळी चार माणसं कमी झाली आणि प्रत्येक वेळी फीनने खांदे उडवले. तोडणी राहणारच होती. मग मार्चमध्ये ह्यूबने सांगितलं की शेजारच्या गावातली यंत्रं बनवणारी कंपनी चार नंबरच्या खोलीत तोडणीचं यंत्र बसवून बघणार आहे. रबराची मऊ वाटी असलेला हात, वर कॅमेरा. पण कुठली अळंबी आधी घ्यायची आणि ती कशी वळवायची, हे यंत्राला शिकवायला हवं होतं, म्हणून कंपनीचे लोक सहा आठवडे एका तोडणारणीच्या हातांचं चित्रण करणार होते.

त्या वेळी कॅन्टीनमधल्या सगळ्या बायकांनी फीनकडे पाहिलं. यात ठरवण्यासारखं काही होतं असं कोणालाच वाटलं नाही.

कंपनीतून योरिट नावाचा उंच, लाजरा मुलगा आला. तीस वर्षांचाही नसेल. तीन दिवस तो एकदा फीनच्या मागे, एकदा दानुताच्या मागे उभा राहिला. फीनने त्या आठवड्यात नखं नीट कापून घेतली होती, हातांना रोज मलम लावलं होतं. योरिट खूप प्रश्न विचारायचा.

"ही काढलीत आणि तिच्या शेजारची ठेवलीत. का?"

"दिसतं ना."

"काय दिसतं?"

"हीच काढायची, ते."

पलीकडच्या फळीवरच्या बायका हसल्या. योरिटही हसला आणि त्याने वहीत काहीतरी लिहिलं. फीनने घरी जाऊन सेफला सांगितलं की पोरगं एवढं शिकलंय, पण त्याला समोरची अळंबी दिसत नाही. चित्रणात आपले हात कसे दिसतील, याचा विचार करत ती त्या आठवड्यात भांडी घासताना स्वतःच्याच बोटांकडे बघत राहायची.

शुक्रवारी ह्यूबने चेरीची टार्ट आणली. सगळ्यांच्या हातांत बशा आल्यावर तो म्हणाला की योरिटने दानुताला निवडलंय, सोमवारपासून ती चार नंबरमध्ये असेल, तिच्या जागेचं काम बाकीच्यांनी वाटून घ्यावं. उद्या पाऊस आहे असं सांगावं, तसं त्याने ते सांगितलं. टाळी पहिल्यांदा फीनने वाजवली. दानुताचा चेहरा लाल झाला होता आणि ती फीनकडेच बघत होती. फीनने तिच्या खांद्यावर थोपटलं आणि टार्टचा उरलेला तुकडा कचऱ्याच्या डब्यात टाकला.

त्या संध्याकाळी सेफने दोनदा विचारलं, काय झालं. तिसऱ्यांदा विचारल्यावर तिने सांगितलं. सेफ म्हणाला, "बरं झालं की. ते यंत्र उद्या बायकांना घरी पाठवेल. त्यात तुझा हात नको."

हे तिलाही कळत होतं. शेतावरची प्रत्येक बाई हेच म्हणत होती, की आपल्याच हाताने आपली गच्छंती शिकवायची म्हणजे काय. पण फीनच्या पोटात दुखत होतं ते वेगळ्याच कारणाने. यंत्र यायचंच होतं. ते पुढची वीस वर्षं चालणार होतं, कदाचित सगळ्या जगात जाणार होतं, आणि त्यात हात असणार होते दुसऱ्या नंबरच्या बाईचे.

सोमवारपासून चार नंबरच्या दाराला लावलेल्या काचेतून आतलं दिसायचं. दानुताच्या बोटांच्या पेरांवर पांढरे ठिपके चिकटवलेले, डोक्यावर मोठा दिवा, आणि बाजूला योरिट. तो तिला कॉफी आणून द्यायचा. स्टूल सरकवून द्यायचा. फीन रोज सहा-सात वेळा काहीतरी निमित्त काढून त्या दारावरून जायची. दानुता डावा हात जरा उंच धरते, हे तिला बारा वर्षांत कधी खटकलं नव्हतं, ते आता खटकायला लागलं. ती अळंबी उचलण्याआधी किंचित थांबते. टोपलीत ठेवताना दोनदा ठेवते. हे असलं आता यंत्र शिकणार, असं ती बल्गेरियातून आलेल्या दोघी मुलींना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली.

त्या मुली हसल्या नाहीत. सोमवारची यादी बघायलाही आता कोणी येत नव्हतं. सगळ्या जणी आपली कॉफी घेऊन चार नंबरच्या काचेशी जाऊन उभ्या राहायच्या. फीनचं नाव यादीत एकटंच वर होतं आणि दुसऱ्या नावापेक्षा नऊ किलोंनी पुढे होतं.

पाचव्या आठवड्यात यंत्र आलं आणि रुळांवर बसलं. योरिटने त्याच्या पडद्यावर चालू कामाला नाव दिलं होतं: दानुता सात. आधीचे सहा प्रयत्न फसले होते म्हणून सात. दोन दिवसांत सगळं शेत यंत्रालाच दानुता म्हणायला लागलं. दानुता बंद पडली, दानुता चालू झाली, दानुताने आज एक वाफा पुरा केला. खुद्द दानुता त्यावर पोट धरून हसायची. फीनने एकदा जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांसमोर, तिला विचारलं, "काय सिनेमातल्या बाई, आता आमच्यात बसून सँडविच खाणार का तुम्ही?" दानुताने तिच्याकडे पाहिलं, आपला डबा उचलला आणि तिच्या शेजारीच येऊन बसली. फीनने उरलेलं सँडविच कागदात गुंडाळलं आणि ती कामावर परतली.

त्या रविवारी दानुता खसखशीचा केक घेऊन आली. फीनने वरच्या खिडकीतून तिची सायकल वळताना पाहिली आणि जिन्यावरून खाली सेफला सांगितलं की मी फेन्लोला बहिणीकडे गेलेय म्हणून सांग. सेफला खोटं बोलता येत नाही. तो दारात बराच वेळ केक हातात धरून उभा होता आणि हवापाण्याबद्दल बोलत होता. दानुता गेल्यावर तो वर आला नाही. त्याने स्वयंपाकघरात एकट्यानेच केकचे दोन तुकडे खाल्ले.

प्रात्यक्षिक मेच्या शेवटच्या गुरुवारी होतं. आसपासचे पंचवीसेक अळंबीवाले येणार होते, काही सरहद्दीपलीकडून, जर्मनीतूनही. चार नंबरमध्ये पहिल्या बहराचा दुसरा दिवस येईल, असा हिशेब ह्यूबने आधीपासून करून ठेवला होता. वाफे नुसते पांढरेशुभ्र झाले होते.

शेतावर पाणी द्यायचं काम गेली पंधरा वर्षं फीनकडे होतं. तोडणीबरोबर एवढं एकच जादा काम तिच्याकडे होतं आणि ते तिने हौसेने मागून घेतलं होतं. रोज सकाळी साडेपाचला ती बारा खोल्यांतून फिरायची, काळ्या मातीला हात लावायची आणि कुठल्या खोलीला किती पाणी ते ठरवायची. पाणी दिलं की वाफा दोन-तीन तास पंख्यांखाली वाळू द्यावा लागतो. ओल्या टोपीला हात लावला की तिच्यावर डाग पडतात, हे शिकाऊ मुलीलाही माहीत असतं. गुरुवारी चार नंबरला पाणी द्यायचं नव्हतं. तसं ह्यूबने सूचनांच्या फळ्यावर लिहिलंही होतं, आणि साडेपाचच्या फेरीत फीनने ते दिलं नाही.

नऊ वाजता कंपनीची माणसं कॅन्टीनमध्ये टाय सारखे करत होती. फीन सुरी बदलायला म्हणून बाहेर पडली. चार नंबरशी ती थांबली. आत कोणी नव्हतं. यंत्र आपला हात वर मुडपून उभं होतं आणि पडद्यावर ते नाव होतं. तिने दाराबाहेरच्या कपाटातल्या पाण्याच्या चावीवर हात ठेवला. आपण हे करणार आहोत असं तिला वाटत नव्हतं. नुसता हात ठेवून बघतेय, असंच काहीतरी ती मनात म्हणत होती. मग चावी फिरली. आत सगळ्या फळ्यांवर एकदम बारीक फवारा सुरू झाल्याचा आवाज आला. ती तिथंच उभी राहून मनात आकडे मोजत राहिली. चार मिनिटांनी तिने चावी बंद केली, सुरी बदलली आणि सात नंबरमध्ये जाऊन कामाला लागली.

दहा वाजता पाहुणे कागदी टोप्या घालून चार नंबरमध्ये दाटीवाटीने उभे राहिले. ह्यूबने सगळ्या बायकांनाही बोलावलं होतं. फीन सर्वांत मागे, दाराशी उभी होती. योरिट थोडं बोलला, अडखळत, आणि त्याने यंत्र चालू केलं. कॅमेरा वाफ्यावरून सरकला. पडद्यावर अळंब्यांभोवती गोल उमटले आणि लोक कौतुकाने पुढे वाकले. यंत्राचा हात खाली आला, वाटी टोपीवर टेकली, वळली आणि निसटली. पुन्हा टेकली, पुन्हा निसटली. तिसरी अळंबी अर्धी वर आली आणि खाली पडली, तिने शेजारच्या दोघींना जखम केली. कोणीतरी खोकलं. योरिटच्या मानेपासून वर लाली चढत गेली. ह्यूब हाताची घडी घालून जमिनीकडे बघत होता.

फीनला छातीत गार, गोड असं काहीतरी वाटलं. खरं सांगायचं तर ते फार छान वाटत होतं, आणि ते तेवढ्यापुरतंच टिकलं.

कारण दानुता पुढे झाली. कोणाला न विचारता तिने यंत्राचं लाल बटण दाबलं. एका टोपीला बोटाची उलटी बाजू लावली, मग ते बोट आपल्या खालच्या ओठाला लावलं. मग ती पाहुण्यांकडे वळली आणि आपल्या त्या गावठी भाषेत म्हणाली, "वाफा ओला आहे. ओल्या अळंबीला आम्हीसुद्धा हात लावत नाही, मग हे तर काल जन्मलेलं आहे. पंखे पूर्ण सोडायचे. पन्नास मिनिटं."

पाहुणे हसले, पण हलले नाहीत. तेव्हा दानुताने वाफ्यावर बोट नाचवत त्यांना सांगायला सुरुवात केली. ही मोठी दिसते, पण आज काढायची नाही, हिच्याभोवती जागा आहे. ही तिच्याहून लहान, पण दोघींच्या मध्ये अडकलीय, ही काढली की संध्याकाळपर्यंत त्या दोघी सरळ होतील. हा चौघींचा झुबका कडेने सोडवायचा, मधून नाही. तिचा आवाज चढला नव्हता की तिला घाई नव्हती. पंचवीस माणसं, ज्यांचा जन्म अळंबीत गेला होता, ती मान तिरकी करून ऐकत होती. पन्नास मिनिटांनी तिने पुन्हा बोट लावून पाहिलं आणि योरिटकडे मान हलवली. यंत्र चालू झालं. ते सावकाश चाललं, कुठल्याही बाईपेक्षा सावकाश, पण पुढच्या चाळीस अळंब्या त्याने एकही डाग न पाडता टोपलीत ठेवली.

एका म्हाताऱ्या जर्मन अळंबीवाल्याने विचारलं की वाफा ओला आहे हे यंत्राला स्वतःला कळेल का. योरिट म्हणाला, आज नाही कळत, पुढच्या महिन्यात कळेल. तो दानुताकडे बघून तिथंच वहीत लिहायला लागला. म्हातारा म्हणाला, "आणि ही बाई? ती यंत्राबरोबर मिळते की वेगळी घ्यावी लागते?" सगळे मोठ्याने हसले. ह्यूबही हसला. फीन कधी बाहेर पडली ते कोणी पाहिलं नाही.

चार वाजता सुट्टी झाली तेव्हा दानुता सायकलींच्या शेडमध्ये तिची वाट बघत उभी होती. तिच्या बोटांवर ठिपक्यांचा डिंक तसाच होता.

"पाणी तुम्ही सोडलंत," ती म्हणाली.

फीनने सायकलचं कुलूप काढलं. "पाणी बघायचं काम माझंच आहे."

"नऊ वाजता नाही."

फीनने सायकल स्टँडमधून ओढून काढली. मग तिच्या तोंडून सहा आठवडे आत दाबलेलं बाहेर आलं. "ते ओठाला बोट लावायचं तुला कोणी शिकवलं? वळवायचं कोणी शिकवलं? तू त्याला सांगायचंस की हे फीनचं आहे."

"सांगितलं. पहिल्याच दिवशी सांगितलं. तो म्हणाला, ठाऊक आहे, पण फीन सांगत नाही. विचारलं की म्हणते, दिसतं."

"दिसतंच."

"तुम्हाला दिसतं. मला कुठे दिसत होतं?" दानुता आता जरा मोठ्याने बोलत होती. "तुम्ही माझं मनगट धरायचात आणि फिरवायचात. मला कळायचं नाही, का. मी रोज जेवणाच्या सुट्टीत लिहून काढायची. आज फीनने ही घेतली, ती सोडली. मग दुसऱ्या दिवशी जाऊन बघायची, सोडलेलीचं काय झालं. दोन वर्षं लिहिलं मी."

"मला वाटायचं, तू पत्रं लिहितेस."

"कोणाला? आई तर रोज फोन करून डोकं खाते."

दुसऱ्या कुठल्या दिवशी दोघी यावर हसल्या असत्या. दानुताने रुमालाने बोटांवरचा डिंक पुसायचा प्रयत्न केला, तो निघाला नाही. "पाण्याचं मला एवढं नाही वाटलं," ती म्हणाली. "रविवारी तुम्ही घरात होतात. तुमची सायकल भिंतीला टेकलेली होती. सेफ मला पाऊसपाणी सांगत राहिले आणि मी त्यांच्यासाठी उभी राहून ऐकत राहिले. ते मला लागलं." ती सायकलवर बसली. "ह्यूबला उद्या सकाळी सहापर्यंत तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगेन. मी गप्प बसणार नाही, फीन. योरिट आज दुपारी वाळवणीच्या पंख्यांना दोष देत बसला होता, आणि पंखे ज्याने बसवले त्या माणसाला बोलणी बसली."

फीन दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबली नाही. ती तशीच परत फिरली. ह्यूब ऑफिसात उभ्याउभ्याच चीज लावलेला ब्रेड खात होता. तिने सांगितलं, एका वाक्यात. तो चावायचा थांबला आणि त्याने ब्रेड टेबलावर ठेवला. तो पाच वर्षांचा असताना तिने त्याला अळंबीच्या टोपलीत बसवून खोल्यांतून फिरवलं होतं, आणि आता तो पोट सुटलेला, थकलेला माणूस होता.

"का?" त्याने विचारलं.

हा प्रश्न तिला योरिटनेही विचारला होता, वेगळ्या गोष्टीबद्दल. या वेळी तिने उत्तर द्यायचा प्रयत्न केला. "तिच्या नावाने यंत्र," ती म्हणाली. "मी इथं चौतीस वर्षं."

ह्यूब रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो म्हणाला की योरिट तर खूश आहे, ओल्या वाफ्याचं त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं, ते आज आलं ते बरं झालं, उद्या कुठल्या गिऱ्हाइकाच्या शेतावर झालं असतं तर कंपनीची अब्रू गेली असती. मग त्याने हात पुढे केला आणि पाण्याच्या कपाटाची किल्ली मागितली. ती तिने दिली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर पाण्यासमोर दानुताचं नाव होतं. कारण कोणी विचारलं नाही. सगळ्यांना कळलं होतं, हे फीनला त्यांच्या न विचारण्यावरून कळलं.

फीन महिनाभर दानुताशी कामापुरतंच बोलली. दानुताही. मग जूनअखेरीस सेफला गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात ठेवलं, आणि फीन संध्याकाळी भेटायला गेली तेव्हा त्याच्या उशाशी खसखशीचा केक होता, अर्धा संपलेला. "ती दुपारी आली होती," सेफ म्हणाला, आणि मग घाईघाईने, "मी काही बोललो नाही तिला तुझ्याबद्दल." फीनने केकचा तुकडा तोडला. दुसऱ्या दिवशी तिने केकचं ताट धुऊन शेतावर नेलं आणि दानुताच्या कपाटावर ठेवलं. ताटात तिने बागेतल्या स्ट्रॉबेऱ्या घातल्या होत्या. दानुता कॅन्टीनमध्ये येऊन म्हणाली, "स्ट्रॉबेऱ्या आंबट आहेत." फीन म्हणाली, "यंदा ऊनच नाही." एवढ्यावर ते मिटलं, म्हणजे जेवढं मिटणार होतं तेवढं मिटलं.

मत्सर मात्र गेला नाही. सप्टेंबरमध्ये कंपनीने दानुताला नोकरी दिली. यंत्र जिथं जिथं बसेल तिथं जाऊन वाफे बघायचे आणि यंत्राचं चुकलं की त्याला दुरुस्त करायचं, असं काम. ती निघाली त्या दिवशी फीनने तिला मिठी मारली, आणि मिठीतच तिच्या मनात आलं की हिला इंग्रजी तरी येतं का. दानुता आयर्लंडला गेली, मग कॅनडाला. अळंबीवाल्यांच्या मासिकात तिचा फोटो आला, हिरवं जॅकेट घातलेला. फीनने तो लेख दोनदा वाचला आणि सेफला म्हणाली की जॅकेट तिला शोभत नाही.

शेतावर यंत्रं एकाची पाच झाली. बल्गेरियाच्या दोघी मुलींना पुढचं काम मिळालं नाही, त्या स्पेनला गेल्या. फीनला ठेवलं, कारण शेवटच्या बहराचे विरळ वाफे आणि फळ्यांच्या कडा यंत्राला अजून जमत नव्हत्या. यादी लावणं बंद झालं. दुपारी काम लवकर संपायचं आणि ती यंत्रांच्या खोल्यांतून उगाच फिरायची, काय चुकतंय ते बघत. फार काही चुकत नसे.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी तिच्या फोनवर कॅनडाचा नंबर आला. दानुता बोलत होती, तिच्या मागे पंख्यांचा आवाज होता. एका शेतावर टोप्यांवर बारीक, फिकट ठिपके येत होते, बुरशी नव्हती, पाण्याचेही नव्हते. तिथल्या कोणाला कळत नव्हतं, योरिटलाही नाही. तिने असं कधी पाहिलं नव्हतं. फीनने पाहिलं होतं, ह्यूबच्या वडिलांच्या काळात, दोनदाच. तिने फोन कानाला घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने खुर्ची ओढून बसली. ठिपके वरच्या फळ्यांवर आहेत की खालच्या, सकाळी जास्त दिसतात का, माती कुठून आणलीय, असं ती विचारत गेली, आणि मग जे माहीत होतं ते सांगत गेली. सांगायला वेळ लागला. मध्ये मध्ये ती अडायची, "थांब, कसं सांगू," म्हणायची, आणि दानुता थांबायची.

"लिहून घेते," दानुता म्हणाली. "पुन्हा सांग ना. खालून दुसऱ्या फळीपासून."

अहोजाहो सुटलं होतं. दोघींच्याही ते लक्षात आलं. फीनने पुन्हा सगळं सांगितलं.

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात आली. सेफ काठी ओट्याला टेकवून बटाटे सोलत होता. एवढा वेळ कोणाचा फोन, त्याने विचारलं.

"दानुताचा," फीन म्हणाली. तिने त्याच्या हातातून सुरी घेतली आणि उरलेले बटाटे स्वतःच सोलायला लागली, भराभर. "तिला माहीत नव्हतं."

सेफने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पातेल्यात पाणी भरायला घेतलं.